बातमी कोणत्या भाषेत, यापेक्षा ती ठरवतो कोण?

गोव्यात राजभाषेचा विषय निघाला की त्याच्या शेपटाला आणखी एक वाद बांधलेला असतोच. आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर मराठीला वेळ किती, कोकणीला किती, आणि दूरदर्शनवर हिंदीने किती जागा अडवली आहे? मराठीवादी म्हणतात, आमच्या वाट्याचे कापले. कोकणीवादी म्हणतात, राजभाषा आमची, मग दुसरीचे लाड कशाला? दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातला श्रोता म्हणतो, बातम्यांतली ती कोकणी आमच्या घरात कोणी बोलतच नाही. तिघेही पुरेसे वैतागले की हिंदीच्या नावाने एकत्र येतात. गोव्यात भाषेवर एवढे एकमत दुर्मीळच, पण ते फार वेळ टिकत नाही.

हा वाद घड्याळ लावून चालला आहे आणि तिथेच तो फसतो. देशाच्या सार्वजनिक प्रसारकाकडे भाषेचा न्याय मागायचा असेल तर तास-मिनिटांच्या वाटणीतून तो मिळणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या भाषेत काय सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि त्यासाठी लागणारी माणसे व पैसा कुठे आहे, हे आधी बघावे लागेल. निर्णय दिल्लीत आणि आवाज पणजीत अशी व्यवस्था राहिली तर दोन्ही भाषांना दिवसभराचे प्रसारण वाटून दिले तरी ऐकू येईल ते दिल्लीचेच.

पुण्याचे उदाहरण मराठी वाचकाला आठवत असेल. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तिथली बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला. कारण दिले गेले ते अधिकारी नसल्याचे. भाषा तीच राहणार होती, बातमीपत्रेही राहणार होती. घड्याळवाल्यांच्या हिशेबाने पुणेकरांचे काडीचेही नुकसान होत नव्हते. तरी ओरड झाली, राजकीय पुढाऱ्यांना त्यात पडावे लागले आणि आदेशाला स्थगिती मिळाली. मग पुणेकर कशासाठी भांडले? मराठीसाठी नक्कीच नाही, मराठी तर संभाजीनगरलाही तीच. आपल्या गावाची बातमी कोणती आणि ती किती मोठी, हे ठरवणारे टेबल आपल्या गावात असावे यासाठी भांडले. गोव्यातल्या दोन्ही भाषावाद्यांना हा मुद्दा का सुचत नाही, याचे मला नवल वाटते.

बातमीपत्र तयार कसे होते ते पाहा. राष्ट्रीय बातम्यांचा मूळ मजकूर दिल्लीच्या वृत्तकक्षात घडतो आणि भाषिक विभाग त्याचे भाषांतर करून वाचतात. गेल्या दशकात दिल्लीतले काही भाषिक विभाग आपापल्या राज्यांत हलवले गेले, पण त्यामुळे खुर्ची हलली, मजकुराचा उगम नाही हलला. पाच मिनिटांच्या बातमीपत्रात वाचायला मिळतात जेमतेम पाचसहाशे शब्द. त्यात मंत्रिमंडळाचा निर्णय, परदेश दौरा, उद्घाटन, क्रिकेट आणि हवामान बसवायचे. प्रादेशिक बातमीपत्रात स्थानिक मजकूर पुढे येतो हे खरे, पण तो आणतो कोण? मानधनावरचे अंशकालीन वार्ताहर आणि माहिती खात्याची प्रेस नोट. वार्ताहर कितीही धडपड्या असला तरी गाडी नाही, कॅमेरा नाही, पाठीशी संपादक नाही. अशा वेळी प्रेस नोट ही सगळ्यात स्वस्त बातमी ठरते. मग ती कोकणीत वाचा, मराठीत वाचा, नाहीतर संस्कृतात. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून?

लोकांची भाषा बोलणारा रेडिओ लोकांचा असतोच असे नाही, हे गोव्याइतके कोणाला ठाऊक असावे? पोर्तुगीज अमलातले रेडिओ केंद्र, एमिसोरा द गोवा, १९४० च्या दशकात सुरू झाले. त्याच्यावर कोकणी गाणी वाजत, आणि ती पूर्व आफ्रिकेतल्या गोंयकारांपर्यंत पोचत. पण त्याने काय बोलू नये हे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट ठरवत होती. त्याला उत्तर देण्यासाठी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोव्याच्या सीमेबाहेरच्या जंगलातून, आधी आंबोली आणि मग कॅसलरॉकच्या भागातून, भूमिगत केंद्र चालवले ते डिसेंबर १९६१ पर्यंत. पोर्तुगीज आणि कोकणी या त्याच्या भाषा. म्हणजे दोन्ही केंद्रांवर कोकणी होती आणि दोन्हींवर पोर्तुगीज. भाषांची यादी मांडून बसलो तर या दोन केंद्रांत फरक सापडणार नाही. फरक होता तो मायक्रोफोनसमोरचा कागद कोणी लिहिला याचा. (लिबियाबाईंना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली. आपल्याकडे वरातीमागून घोडे येतात, पण येतात हेही थोडके नव्हे.)

दुसरा दाखला ढाक्याचा. ढाका तेव्हा पूर्व पाकिस्तानात, आणि रेडिओ पाकिस्तानचे तिथले केंद्र बंगालीतच बोलत होते, मिनिटांची टंचाई नव्हती. पण १९६७ मध्ये माहितीमंत्री ख्वाजा शहाबुद्दीन यांनी रवींद्रसंगीत बंद करण्याचे जाहीर केले आणि ढाका पेटून उठले. पुढे ७ मार्च १९७१ रोजी शेख मुजीब यांचे भाषण प्रक्षेपित करायला बंदी आली, तेव्हा केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी प्रसारणच थांबवले. दुसऱ्या दिवशी ते भाषण लावावे लागले. ही तुलना ताणायची नाही. भारत म्हणजे तेव्हाचा पाकिस्तान नव्हे आणि पणजीत कोणाला बंड करायचे नाही. पण बंगाली श्रोत्याला बंगालीत बोलणारे केंद्र परके का वाटू लागले, हा प्रश्न बहुभाषिक देशाच्या प्रत्येक प्रसारकाने उशाशी ठेवावा असा आहे.

आता दुसरी बाजू. ती हलकी नाही आणि तिची खिल्ली उडवून भागणारही नाही. पहिला आक्षेप असा की राष्ट्रीय प्रसारक म्हणजे एका देशाने एका वेळी एक गोष्ट ऐकण्याची सोय, आणि प्रत्येक केंद्र आपापली चूल मांडू लागले तर तीच जाते. यात तथ्य आहे. दंगलीच्या किंवा युद्धाच्या दिवसांत बावीस भाषांत बावीस वेगवेगळे तपशील गेले तर काय होईल, हे सांगायला नको. पणजी केंद्राचा माणूस संसदेत किंवा मॉस्कोत बसू शकत नाही. तिथली बातमी दिल्लीनेच तयार करावी आणि सगळ्यांनी वापरावी, यात शहाणपण आहे. बेल्जियमकडे पाहिले तर या आक्षेपाला बळच मिळते. तिथे १९६० मध्ये राष्ट्रीय प्रसारण फ्रेंच आणि डच अशा दोन संस्थांत फुटले, आणि एका भाषेचा माणूस दुसरीच्या वाहिन्यांकडे सहसा फिरकत नाही. आपल्याला ते नको आहे.

पण सामाईक मजकूर असणे आणि सगळाच मजकूर सामाईक असणे यांत अंतर आहे. केंद्राला एकदा सगळ्यांसाठी ठरवायची सवय लागली की ती बातम्यांपाशी थांबत नाही. बाळकृष्ण केसकर हे आपलेच, पुण्याचे. १९५२ मध्ये ते माहितीमंत्री झाले आणि देशाच्या कानाला वळण लावण्याच्या सद्हेतूने त्यांनी आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळपास हद्दपार केली. देशाने रेडिओ सिलोन लावला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. हेतू चांगला, माणूस विद्वान, संगीताचा जाणकार, तरी निर्णय फसला. दिल्लीत बसून देशाची आवड ठरवताना केसकरांसारख्याचे हे झाले, तर रोजच्या फायलीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याकडून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गावाला काय ऐकायचे आहे याची अचूक पारख होईल अशी आशा का धरावी?

दुसरा आक्षेप पैशाचा. ऐंशीच्या दशकात रेडिओचे परवाने रद्द झाले. तोवर पोस्टात जाऊन परवान्याच्या वहीवर तिकीट लावून घ्यायची पद्धत होती. श्रोता आणि केंद्र यांच्यात पैशाचा तो एकच थेट धागा, तोही तुटला. आता आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती मुख्यतः सरकारी अनुदानावर जगते. अशा वेळी चौदा-पंधरा लाख वस्तीच्या राज्यासाठी दोन भाषांचा पूर्ण वृत्तविभाग परवडेल का, आणि सगळे मोबाइलवर असताना तो हवाच कशाला, हा प्रश्न चुकीचा नाही. खासगी वाहिन्या कोकणी-मराठीत बातम्या देतातच ना?

टीव्हीवर देतात. रेडिओवर देऊ शकत नाहीत. खासगी एफएमला स्वतःचे बातमीपत्र चालवण्याची परवानगी नाही, फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. दूरसंचार नियामकाने २०२३ मध्ये दर तासाला दहा मिनिटे बातम्यांची मुभा द्यावी अशी शिफारस केली, ती शिफारसच राहिली आहे. म्हणजे नभोवाणीवरच्या बातमीची मक्तेदारी सरकारने स्वतःकडे ठेवली आहे. दुसऱ्याला विकू द्यायचे नाही आणि स्वतः दुकान उघडायला परवडत नाही म्हणायचे, हे कसे? ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. आणि डोकी मोजूनच खर्च करायचा असेल तर १९७४ पासून चालू असलेले संस्कृत बातमीपत्र कोणत्या हिशेबात बसते? २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे होते २४,८२१. ते बातमीपत्र बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही, चालावे. पण त्याने एक तत्त्व मान्य होते की भाषेवरचा खर्च श्रोत्यांच्या संख्येला बांधलेला नाही. तेच तत्त्व देशभरात सुमारे साडेबावीस लाख बोलणाऱ्या कोकणीला आणि गोव्यातल्या मराठीला लावायला अडचण काय?

स्वित्झर्लंडने हे उघडपणे केले आहे. तिथल्या सार्वजनिक प्रसारकाच्या शुल्काचा सत्तर टक्क्यांहून मोठा वाटा जर्मन भाषिक भागातून येतो, पण त्या भागाच्या वाहिन्यांवर निम्म्याहून कमी खर्च होतो. लोकसंख्येत आठेक टक्के असलेल्या इटालियन भाषिकांना पाचव्या हिश्श्याहून जास्त मिळते, कारण टीव्हीचा कार्यक्रम पाच लाखांसाठी करा की पन्नास लाखांसाठी, कॅमेऱ्याचे भाडे तेच. शिवाय इटालियन कार्यक्रम लुगानोत ठरतात आणि बनतात, बर्नहून भाषांतर होऊन येत नाहीत. हे शुल्कच रद्द करावे का, यावर मार्च २०१८ मध्ये सार्वमत झाले. एकाहत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी नको म्हटले. त्यात जर्मन भाषिकही आलेच, जे देतात जास्त आणि घेतात कमी. श्रीमंत देश आहे, त्यांना परवडते, असे कोणी म्हणेल. पण वाटपाचे सूत्र ठरवायला श्रीमंती लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. पणजीला अधिकार दिले तर ते पणजीतल्या सत्ताधाऱ्यांच्या खिशात जातील. छोटे राज्य, कोण कोणाचा मेहुणा हे सगळ्यांना माहीत, एका फोनवर बातमी खाली उतरेल. दिल्ली निदान लांब तरी आहे! खरे आहे, लांबच्या धन्याचा जाच कमी, असे गुलामसुद्धा म्हणत असतील. गंमत सोडली तरी उत्तर द्यायलाच हवे, आणि ते प्रसार भारतीच्या १९९० च्या कायद्यातच अर्धे आहे. स्वायत्त मंडळ, संसदेची समिती, तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद अशी सगळी कल्पना त्यात आहे. १२ व्या कलमात देशाच्या विविध संस्कृती आणि भाषांना योग्य स्थान देण्याचे कर्तव्यही लिहिलेले आहे. कायदा अमलात यायला १९९७ उजाडले आणि स्वायत्ततेचे घोडे अनुदान आणि नेमणुकांपाशी पेंड खात राहिले. फोनवरून बातमी उतरू नये यासाठी जे संरक्षण दिल्लीच्या वृत्तकक्षाला हवे तेच पणजीच्या संपादकाला हवे. दिल्लीला ते आहे का? नसेल तर हा आक्षेप पणजीविरुद्ध कसा ठरतो?

आणि मग येतो आपला गोवा, जिथे मिनिटांची वाटणी मुळातच अशक्य आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यातले सुमारे ६६ टक्के लोक कोकणी मातृभाषा सांगतात, ११ टक्क्यांच्या आसपास मराठी आणि त्याच्या जवळपास हिंदी. या आकड्यांवरून मराठीला तासातली साडेसहा मिनिटे द्यायची का? कोकणी मातृभाषा लिहिणाऱ्या घरात सकाळी मराठी पेपर येतो, संध्याकाळी देवळात भजन मराठी होते, काल्याला दशावतार मराठी रंगतो, मुले इंग्रजी शाळेत जातात आणि भांडण मात्र कोकणीतच होते. उत्तरेला पेडण्या-सत्तरीकडे असे तर सासष्टीत तियात्र ही नाटके आणि कांतारां ही गाणी यांची कोकणी, रोमी म्हणजे रोमन लिपीतली. आकाशवाणीचे एफएम १०५.४ लावून धावणाऱ्या बसमध्ये फोन-इन ऐका. पलीकडची बाई कोकणीत ‘बरें आसा’ म्हणते, मराठी भावगीत मागते, ते कुडचड्याच्या मावशीला अर्पण करते आणि ‘थँक्यू हां’ म्हणून फोन ठेवते. निवेदक तिच्यामागोमाग भाषा बदलत जातो, कोणाला काही खटकत नाही. जनगणनेच्या कोणत्या रकान्यात हिला बसवणार?

रेडिओने गोव्याला एक मोठी सवलत दिली आहे, तिची कोणी दखल घेत नाही. आवाजाला लिपी नसते. देवनागरी की रोमी यावरून १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आजवर मने दुखावलेली आहेत, पण निवेदकाच्या हातातला कागद कोणत्या लिपीत आहे याची श्रोत्याला फिकीर असायचे कारण नाही. बोलीचा प्रश्न मात्र आहे, आणि तो सासष्टीकर मांडतो तेव्हा त्याचे बरोबर असते. बातम्यांची कोकणी फोंड्याकडच्या अंत्रुजी वळणाची, पुस्तकी झाली आहे. तशीच बातम्यांची मराठी सदाशिव पेठेची झाली आहे, पेडण्याच्या म्हातारीला ती कळते पण आपली वाटत नाही. हा दोष मिनिटे वाढवून जाणार नाही. तो जाईल ते त्या त्या तालुक्यातली माणसे निवेदक, लेखक, संपादक म्हणून नेमली तर. बाकीबाब बोरकर १९५५ ते १९७० आकाशवाणीत होते, पुणे आणि पणजीला. मराठी आणि कोकणी दोन्हींत सारख्याच अधिकाराने लिहिणारा कवी नोकरीत असल्यावर कोणत्या भाषेला किती, हा प्रश्न विचारायला जीभ रेटली नसती. जितेंद्र अभिषेकींनी तरुणपणी मुंबई केंद्राच्या कोकणी विभागात काम केले. अशी माणसे योगायोगाने आली नाहीत. जागा होत्या, त्या भरल्या जात होत्या, आणि भरणाऱ्याला माणसाची पारख होती. आज निवेदनाचे बरेचसे काम नैमित्तिक निवेदकांवर चालते, महिन्याला मोजके दिवस बोलावणे येते. अशा बोलावण्यावर कोण आयुष्य उभे करणार?

शिवाय आपण दोन भाषांवर भांडत असताना तिसरीकडे पाहतच नाही. मालीम, कुटबण, खारेवाडा या जेटींवर जा. ट्रॉलरवर चढणारे खलाशी ओडिशा, झारखंड, आंध्र, कर्नाटकचे. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार समुद्रात असताना इशारा वेळेत पोचला नाही म्हणून केवढा आकांत झाला होता. तो इशारा गोव्याच्या किनाऱ्यावर उडियात कोण देणार? राजभाषेच्या कायद्यात उडिया नाही, मिनिटांच्या वाटणीतही नाही. पण अधिकार असलेला संपादक वादळाच्या रात्री एका उडिया खलाशालाच मायक्रोफोनपुढे बसवू शकतो. दिल्लीला हे सुचायला हवामान खात्याचे पत्र, मंत्रालयाचे पत्र आणि मग केंद्राला पत्र, इतके व्हावे लागेल.

मोबाइल आहे ना, या उत्तराचे काय होते ते मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने दाखवले. अनेक गावांत वीज दिवस-दिवस नव्हती, मोबाइलची रेंजही गेली. त्याच वर्षी जुलैत सत्तरी, डिचोली, पेडण्याच्या नद्या गावांत शिरल्या. तिळारीचे धरण महाराष्ट्रात दोडामार्गला, आणि पाणी सुटले की धडकी भरते इब्रामपूर-साळच्या लोकांना. ही बातमी राज्याची की परराज्याची, कोकणीत द्यायची की मराठीत, पणजीने द्यायची की सिंधुदुर्गाने? ध्वनिलहरी सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर थांबत नाहीत. सीमेच्या दोन्ही बाजूंची केंद्रे एकमेकांशी थेट बोलून पाच मिनिटांत कार्यक्रम तोडू शकली तरच त्या बातमीचा उपयोग.

गोव्याचे लोकसभेत दोन खासदार आहेत, राज्यसभेत एक. त्यांनी आपल्या भाषेला जास्त वेळ द्या अशी निवेदने देणे थोडे थांबवावे आणि संसदेत लेखी प्रश्न टाकावेत. पणजी केंद्रात मंजूर जागा किती, त्यांतल्या भरलेल्या किती, प्रादेशिक बातमीपत्रातला किती मजकूर गोव्यात फिरून मिळवलेला असतो, आणि रात्री दोनला धरणाचे दरवाजे उघडले तर चालू प्रसारण तोडायचा अधिकार पणजीतल्या कोणत्या माणसाला आहे. ही उत्तरे पटलावर आली की मग मराठीला किती आणि कोकणीला किती, यावर खुशाल भांडू. मी मराठीच्या बाजूने असेन.